तिजानचा खुलासा

माझा धाकटा भाऊ शिरीष अजमानला राहायला गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. दर दिवाळीला तो बोलवायचा आणि दर दिवाळीला मी पुरवणीच्या कामाचं निमित्त सांगायचे. गेल्या वर्षी आमच्या दैनिकाची सांगलीची आवृत्ती बंद झाली, मी घरी बसले आणि निमित्त संपलं. जानेवारीत गेले, पाच आठवडे राहून आले. परतल्यापासून सगळे उंच इमारतींबद्दल विचारतात. इमारती मी पाहिल्या, त्या उंच आहेत. पण मला लिहायचंय ते वेगळं.

आधीच सांगते, यात एक देश आहे ज्याचं नाव मी लिहिणार नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा छोटासा देश आहे. तिथे अजून काही माणसं राहतात, त्यांना त्रास होऊ नये म्हणून. माणसांची नावंही अर्धीच लिहिते आहे.

अजमान

शिरीषचं घर अकराव्या मजल्यावर. गॅलरीतून समुद्राची एक पट्टी दिसते आणि बाकी समोरच्या इमारतीचे एसी. इथे राहणारे बहुतेकजण पोटापाण्याला दुबईला नाहीतर शारजाला जातात. शिरीष पहाटे साडेपाचला गाडी काढतो, कारण त्याची फॅक्टरी पार दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. "ताई, सहाच्या पुढं निघालो तर खलास," असं तो म्हणतो, आणि "खलास" हा इथल्या अरबांच्या तोंडचा शब्द आता त्याला आपला वाटतो. त्याची मुलगी ऋचा इथंच वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं उत्तम चालतं.

पहिले चार दिवस मी स्मितावहिनींबरोबर बंदरावरच्या मासळीबाजारात जात होते. सुरमईला तिथे कनाद म्हणतात. कोळी बांगलादेशचा, मासे कापणारा केरळचा, आणि घासाघीस सगळी हिंदीत. वहिनींनी मी निघण्याआधीच मला फोन करून बजावलं होतं की सामानात खसखस अजिबात आणू नका, इथे बंदी आहे, पकडतात. त्यामुळे मी अनारसे केले ते खसखशीशिवाय, कोरडे बोडके. ते एका डब्यात वेगळे ठेवले होते. तो डबा तिजानसाठी होता.

तिजान कोण ते सांगते. तीस वर्षांपूर्वी पुण्यात पत्रकारांसाठी तीन महिन्यांचा एक वर्ग भरला होता. आपले आम्ही नऊजण होतो आणि बाहेरच्या देशांतले अकरा. तिजान आणि बिंटा त्या नाव न लिहिलेल्या देशातल्या एकाच साप्ताहिकातून आले होते. तो तीस वर्षांचा, साप्ताहिकाचा संपादक. ती चोवीस वर्षांची, बातमीदार. वसतिगृहात बिंटा माझ्या खोलीत होती. दमेकरी होती, पुण्याच्या थंडीत दोन स्वेटर घालून बसायची, उशाशी श्वासाचा पंप. पण बाहेर पडली की तिला कुणी थांबवू शकत नसे. भाजीवाल्या बाईलासुद्धा ती माझ्या मध्यस्थीनं विचारायची, गाव कोणतं, पहाटे किती वाजता निघालात, उरलेल्या भाजीचं काय करता. बाई हसून उत्तरं द्यायची. मी सांगलीची, पंचवीस वर्षांची, वार्ताहर म्हणवून घेत होते, पण प्रश्न विचारायला मी शिकले ते तिच्याकडून.

ती परत गेली, दोन वर्षांनी तिला मुलगी झाली, पत्रं येत राहिली. पुढे तिजान परराष्ट्र खात्यात गेल्याचं तिनंच कळवलं. मग तिची पत्रं थांबली, आणि पंधरा वर्षांपूर्वी तिजानचं एक छोटं पत्र आलं. बिंटा आजारानं गेली, एवढंच. दमा होताच. मी विश्वास ठेवला, दोन दिवस रडले, आणि त्याला सांत्वनाचं पत्रही लिहिलं.

आता तो अबूधाबीत त्याच्या देशाच्या वकिलातीत फर्स्ट सेक्रेटरी होता. दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता.

अबूधाबी

अजमानहून अबूधाबीची बस पकडायची एवढं साधं काम. मी चुकीच्या रांगेत उभी राहिले आणि शारजाला जाऊन पोचले. तिथून दुसरी बस. त्यामुळे अकराला पोचायची ती दीडला पोचले, आणि अनारशांच्या डब्याचं झाकण निघून पर्समध्ये सगळा चुरा.

वकिलात म्हणजे एका शांत गल्लीतला बंगला. दारात झेंडा. आत रांग होती, त्यात बहुतेक बाया, घरकाम करणाऱ्या. तिजान खिडकीतल्या कारकुनाच्या मागे उभा राहून एका बाईचा अर्ज वाचत होता. केस पूर्ण पांढरे, अंगात राखाडी सूट. मला पाहिलं आणि मराठीत विचारलं, "जेवलीस का?" पुण्यातलं त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

जेवायला त्यानं घरी नेलं. बायको चार वर्षांपूर्वी गेली, लेक कॅनडात. स्वयंपाक त्यानंच केला होता. लाल भात, मासा, आणि शेंगदाण्याचं दाट कालवण. आपल्याकडच्या दाण्याच्या आमटीला थोडा टोमॅटो आणि भरपूर मिरची घातली तर जवळपास तेच होईल. एकाच मोठ्या ताटात दोघांनी जेवायचं. माझ्या आईनं उष्टं-खरकटं इतकं पक्कं बिंबवलेलं की माझा हात क्षणभर थांबला. त्यांच्यात यजमान माशाचा चांगला तुकडा आपल्या बोटांनी पाहुण्याच्या बाजूला सरकवतो. तिजाननं तसा सरकवला. अनारशांचा चुरा त्यानं चमच्यानं खाल्ला.

त्याला त्याच्या नोकरीबद्दल विचारलं. मला वाटलं होतं मेजवान्या, भाषणं. तो म्हणाला की मोठ्या साहेबांना ते असतं. त्याच्या वाट्याला आले पासपोर्ट, हरवलेली माणसं, मालकाकडून पळालेल्या मोलकरणी, आणि शवपेट्या. युरोपात आठ वर्षं प्रसिद्धी अधिकारी होता, मग इथे. आपल्या माणसाचं प्रेत घरी पाठवायला किती सह्या लागतात ते त्यानं बोटांवर मोजून दाखवलं.

उद्या तो खोर फक्कानला जाणार होता. त्याच्या देशाचा एक खलाशी तिथल्या इस्पितळात होता. "चल माझ्याबरोबर," म्हणाला. "डोंगर बघशील."

खोर फक्कान

शारजा सोडलं की वाळवंट लागतं, आणि मग अचानक डोंगर. आपल्या सह्याद्रीला निदान गवत असतं. हे डोंगर नुसता दगड, तपकिरी-काळा, जळून गेल्यासारखा. त्यातून लांबलचक बोगदे. शेवटच्या बोगद्यातून बाहेर आलो आणि खाली निळं पाणी, बंदराच्या क्रेन, आणि अर्धचंद्रासारखा किनारा. पुढचा समुद्र आपल्या बाजूचा, अरबी समुद्राला मिळणारा. वाटेत टपरीवर करक चहा घेतला. उकळून उकळून घट्ट केलेला, वेलदोडा घातलेला, अगदी आपल्या चहासारखा.

खलाशाचं वय असेल तिशीच्या आतबाहेर. जहाजावर साखळीत पाय सापडला, गुडघ्याखाली कापावा लागला. जहाज पुढे गेलं. त्याच्या आईला घरी अजून काही सांगितलं नव्हतं. तो रोज फोन करून खोटं बोलत होता की जहाज बंदरात थांबलंय. आता खोटं बोलवत नव्हतं त्याला.

तिजान खाटेच्या कडेला बसला, त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या आईला फोन लावला. त्यांच्या भाषेत बोलला, मला शब्द कळला नाही. पण त्यानं आढेवेढे घेतले नाहीत हे आवाजावरून कळत होतं. चार-पाच वाक्यं, संथ. मग थांबला. पलीकडून रडणं ऐकू आलं. त्यानं फोन खाली ठेवला नाही, मध्ये काही बोललाही नाही, रडणं संपेपर्यंत धरून राहिला. मग फोन मुलाच्या कानाला लावला.

बाहेर आल्यावर समुद्रासमोरच्या एका केरळी खानावळीत आम्ही परोटा आणि तळलेला मासा घेतला. मी मनापासून म्हणाले, "तिजान, इतकं खरं इतक्या नीट सांगणारा माणूस मी पाहिला नाही."

त्यानं घास खाली ठेवला. मग म्हणाला की सुनंदा, मी तुला एक पत्र लिहिलं होतं, ते खोटं होतं.

त्यानं सांगितलं ते असं. त्याचं साप्ताहिक सरकारला डोईजड झालं होतं. दोनदा छापखाना जाळला, तरी चाललं. मग एक दिवस मंत्र्यानं चहाला बोलावलं आणि परदेशात नेमणूक देऊ केली. बायको आजारी होती, तिला बाहेरच्या उपचारांची गरज होती. त्यानं घेतली. "बाकीच्यांना तुरुंगात टाकलं," तो म्हणाला, "मला नेमलं." साप्ताहिक बिंटानं चालवायला घेतलं. दोन वर्षं चालवलं. मग तिनं सरकारी दवाखान्यात मुलांना मुदत संपलेली औषधं देत असल्याची बातमी छापली, आणि तिला उचललं. बाहेरच्या देशांतल्या वृत्तसंस्था चौकश्या करायला लागल्या. तेव्हा राजधानीतून त्याच्याकडे एक खुलासा आला, फक्त सहीसाठी. सदर बाईंना पत्रकार म्हणून अटक झालेली नाही, साप्ताहिकाच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल झाली आहे, आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे.

"सही मंत्र्याची चालली नसती," तिजान म्हणाला. "लोक मला ओळखत होते. माझी हवी होती."

त्यानं केली. चौकश्या थांबल्या. कोठडीत बिंटाला तिचा पंप दिला नव्हता. नवव्या दिवशी ती गेली.

मी उठले आणि किनाऱ्यावर चालायला लागले. चपलांत वाळू गेली, त्या काढून हातात घेतल्या. सुट्टीवर आलेली दोन कुटुंबं फोटो काढत होती, त्यांतल्या एका बाईनं माझ्याकडे फोन देऊन हिंदीत विचारलं, आमचा एक काढाल का. मी काढला. हात हलला असणार, पण ती बाई शुक्रिया म्हणाली. मला पंधरा वर्षांपूर्वीचं माझं सांत्वनपत्र आठवत होतं. त्यात मी लिहिलं होतं की शेवटी तुझ्यासारखा मित्र तिला होता हे तिचं भाग्य.

परतीच्या वाटेवर सगळे बोगदे संपले. शारजा जवळ आल्यावर तोच बोलला. बिंटाची मुलगी इसातू इथेच आहे, दुबईत, एका लाँड्रीत कामाला. आठ महिन्यांपूर्वी पासपोर्टच्या नूतनीकरणाला आली होती. अर्जात आईच्या रकान्यात नाव वाचलं आणि तो आतल्या खोलीत जाऊन बसला. काम चोख करून दिलं, पण खिडकीशी गेला नाही. आता निवृत्त होऊन गावी जायचं, तिथे घर बांधून ठेवलंय. त्याआधी तिला सांगायचंय. एकटा गेलो तर ती मला उभं करणार नाही. तू तिच्या आईची मैत्रीण.

मी नाही म्हणाले. अजमानला घरासमोर उतरताना पुन्हा नाही म्हणाले.

जेवताना शिरीषला आणि वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं. ऋचानं मान वर केली आणि विचारलं, "बट आत्या, ही न्यू इट वॉज अ लाय. देन व्हाय डिड ही साइन?" मी तिला बायकोच्या आजारपणाचं सांगितलं. तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि मलाही नाही.

बिंटाची मुलगी माझ्यापासून दीड तासावर आहे, हे मात्र डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी मी तिजानला फोन केला. म्हटलं, तुझ्यासाठी येत नाहीये.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क

नाव ऐकून बाग वाटते. आहेत कारखाने, गोदामं, आणि त्यांच्यामागे कामगारांच्या राहण्याच्या इमारती, गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे. शिरीषनं मला लाँड्रीच्या फाटकाशी सोडलं. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणारी मोठी लाँड्री, बाहेर रस्त्यावरच वाफेचा आणि साबणाचा वास. तिजान टॅक्सीनं आधीच येऊन उभा होता. आज सूट नव्हता, साधा सदरा. वकिलातीची गाडी आणली नाही, म्हणाला, हे काम वकिलातीचं नाही.

आत जायला सुपरवायझरची परवानगी लागते. सुपरवायझर निघाली वसईची, मर्लिन. माझं हिंदी ऐकून तिनं सरळ विचारलं, "मराठी ना तुम्ही?" आणि मग वेगळीच झाली. इसातूला काही भानगड तर नाही ना, हे तिनं तीनदा विचारलं. "गुणी पोर आहे हो. तोंडातून शब्द नाही काढत. रडायला येईल असं काही सांगू नका, तिची दोनला शिफ्ट आहे, मशीनवर हात असतो." मी म्हटलं, तिच्या आईबद्दल आहे. मर्लिननं गळ्यातल्या क्रुसाला हात लावला, कँटीनचा एक कोपरा मोकळा करून दिला आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली, कुणी आत येऊ नये म्हणून.

इसातू आली. अठ्ठावीस वर्षांची, निळा गणवेश, डोक्याला रुमाल. चेहरा बिंटाचा नव्हता. पण माझ्यासमोर बसली आणि काही बोलण्याआधी मान जराशी तिरपी करून माझ्याकडे पाहिलं. बिंटा प्रश्न विचारण्याआधी अशीच बघायची.

मी कोण ते सांगितलं. तिनं लाँड्रीत शिकलेल्या हिंदीत विचारलं, "आप मेरी मम्मी को जानते थे?" मी सांगत गेले. दोन स्वेटर, भाजीवाली बाई, ती माझ्या केसांच्या बारीक वेण्या घालायची आणि सकाळी वर्गात सगळे हसायचे, ते. इसातूचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. एकदा फक्त म्हणाली की वेण्या घालताना ती फार ओढायची. मी म्हटलं हो, फार.

मग तिजान बोलला. इंग्रजीत बोलला, उभा राहून. आपलं नाव, हुद्दा, आणि त्या कागदावर काय होतं ते. पाच-सहा वाक्यं. इस्पितळातून खलाशाच्या आईशी बोलला होता तसाच, काही न लपवता. मात्र या वेळी मध्येच थांबून त्याला पाणी प्यावं लागलं.

इसातूनं विचारलं, ते खोटं आहे हे तुम्हाला कधी कळलं?

"सही करताना," तो म्हणाला.

ती टेबलावर ठेवलेले आपले हात बघत होती. ते धुण्याच्या पावडरनं सोलवटलेले होते. मग ती जे बोलली ते मी मराठीत, पण जसंच्या तसं लिहिते, कारण मी त्या दिवशीच वहीत उतरवून ठेवलं.

"तुम्ही मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं माझी आई चोर नाही. शाळेत मुली मला चोराची मुलगी म्हणायच्या. वाण्यानं आजीला उधार बंद केलं, म्हणाला, तुमच्या घरात पैसे असतील. मी शाळा सोडली ती त्या कागदामुळे. ज्यांनी तो वाचला त्यांना सांगा. तिथे सांगा, तुमच्या नावानं."

तिजान म्हणाला की तसं छापलं तर मला माझ्या देशात परत जाता येणार नाही.

"मलाही येत नाही," ती म्हणाली. दोन वाजत आले होते. ती उठली, माझे दोन्ही हात धरले, माझा फोन नंबर मागितला. त्याच्याकडे पाहिलं नाही. मर्लिननं दार उघडून धरलं होतं.

पुन्हा अजमान

पुढच्या शुक्रवारी तिजान मजकूर घेऊन शिरीषच्या घरी आला. हातानं लिहिलेली चार पानं. वहिनींनी चहा दिला आणि ऋचाला घेऊन बाहेर गेल्या. आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. तीस वर्षं मी इतरांच्या मजकुरावर पेन चालवलंय, पण असा हात कधी जड झाला नव्हता. पहिल्या पानावर होतं, "त्या काळच्या परिस्थितीत". मी खोडलं. दुसऱ्यावर "मला भाग पाडण्यात आलं". मी विचारलं, कुणी पिस्तूल रोखलं होतं? नव्हतं. तेही खोडलं. बायकोचं आजारपण होतं तिथे मी थांबले. तोच म्हणाला, काढ, ती बिचारी यात कशाला. चार पानांचं दीड पान झालं. शेवटी त्यानं स्वतः एक वाक्य जोडलं की बिंटानं दवाखान्याची जी बातमी छापली ती अक्षर न् अक्षर खरी होती, आणि ती गेली तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती.

तिथल्या सरकारी दैनिकात हे छापून येणं शक्यच नव्हतं. पण तिथे चार-पाच तरुण पत्रकार मिळून इंटरनेटवर एक छोटं वृत्तपत्र चालवतात. त्यांना पाठवताना तिजाननं मला विचारलं, अजून विचार करू का? मी म्हटलं, तुझं तू ठरव. मला त्याच्याविषयी अजून राग होता, आणि त्याच वेळी तो ते पाठवणार नाही अशी एक भीती होती, आणि पाठवील अशीही. त्याच्या गावातलं घर डोळ्यांपुढे येत होतं. मी ते कधी पाहिलं नाही, पण त्यानं मला फोटो दाखवले होते, अंगणात आंबा लावलेला.

त्यानं पाठवलं. रविवारी ते प्रसिद्ध झालं. सोमवारी दुपारी त्याला वकिलातीत बोलावून राजनैतिक पासपोर्ट परत घेतला. निरोपसमारंभ ठरला होता, तो रद्द झाला. घर आठवड्यात रिकामं करायला सांगितलं. नोकरीची शेवटची सगळी कागदपत्रं अडकली. गावाहून चुलत्याचा फोन आला, की तू येऊ नकोस, दोन माणसं घर बघून गेली. लेकीनं कॅनडाहून सांगितलं की व्हिसाचं बघते, तोवर कुठे राहशील? शिरीषनं त्याला आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर महिन्यासाठी एक खोली मिळवून दिली. वहिनी, ज्या म्हणाल्या होत्या कशाला उकरायचं, त्याच रोज वाटीभर आमटी खाली पाठवत होत्या. कधी कधी मी नेऊन द्यायचे.

खोलीत दोन बॅगा, एक पलंग, आणि खुर्चीवर पुस्तकांचा ढीग. छापल्यानंतर काय झालं हे तो दिवसभर फोनवर बघायचा. फारसं काही झालं नव्हतं. थोड्या लोकांनी शिव्या दिल्या, थोड्यांनी शाबासकी, बऱ्याचजणांना बिंटा कोण हेच माहीत नव्हतं. पंधरा वर्षं झाली, तरुण पोरं तेव्हा शाळेत होती. इसातूचा काहीच निरोप नव्हता. मी तिला लेखाची लिंक पाठवली होती. ती पोचल्याची खूण दिसत होती, एवढंच. मी मर्लिनला फोन केला. ती म्हणाली, येते, काम करते, जाते. विचारलं तर म्हणते, ठीक आहे.

माझ्या परतीच्या आदल्या दुपारी मी तिजानला भेटायला खाली गेले. माझा राग गेला नव्हता, आजही पूर्ण गेलेला नाही. पण त्या खोलीत तो एकटा बसलेला बघून मला निघवेना. त्यानं काळा चहा केला, दूध संपलं होतं. तो म्हणाला की तिनं उत्तर द्यावंच असं काही नाही, ते तिच्यावर आहे. मी हो म्हटलं. मग तो पुण्यातल्या त्या वर्गाच्या शिक्षकांबद्दल बोलायला लागला, कोण गेलं, कोण आहे. मी अर्धवट ऐकत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. इसातूचा निरोप होता, रोमन अक्षरांत, हिंदी-इंग्रजी मिसळलेला. मी दोनदा वाचला आणि त्याला मराठीत सांगायला लागले, मग भानावर येऊन इंग्रजीत सांगितलं. ती लिहीत होती की लेखात एक चूक आहे. माझी आई गेली तेव्हा एक्केचाळीसची नव्हती. एकोणचाळीस. दुरुस्त करायला सांगा.

बिंटा माझ्याहून वर्षानं लहान होती. मला तरी कळायला हवं होतं. मी उपसंपादक, आणि माझ्या नजरेतून ते सुटलं.

तिजाननं माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः वाचलं. मग त्यानं आपला फोन उचलला, त्या वृत्तपत्राच्या पोरांना लिहायला लागला. दोनदा चुकून खोडावं लागलं. दुरुस्ती: बिंटा यांचं वय एकोणचाळीस असं वाचावं. पाठवून झाल्यावर तो पलंगाच्या कडेला बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"वय अगदी शेवटच्या ओळीत होतं," तो म्हणाला. "तिनं शेवटपर्यंत वाचलं."